ठसे अमुक मठात आहेत

व्हिएतनाममधली जुनी बौद्ध पोथी हाती आली, तर तिच्या सुरुवातीला किंवा शेवटी बहुधा एक लहानशी ओळ सापडते: या ग्रंथाचे ठसे अमुक गावच्या अमुक मठात ठेवले आहेत. ही ओळ वाचणाऱ्यासाठी ते उघड आमंत्रण असे. ज्याला ग्रंथ हवा त्याने कागद आणि शाईची सोय करावी, मठात जावे, कोठीतले ठसे बाहेर काढवून घ्यावेत, लागतील तेवढ्या प्रती छापाव्यात आणि ठसे पुन्हा जागच्या जागी ठेवावेत. ग्रंथ छापून वाटणे हे पुण्यकर्म होते, आणि ते पुण्य मूळ कोरणाऱ्यांच्या दोनशे वर्षांनंतर येणाऱ्यालाही जोडता येत असे.

छपाईचा इतिहास म्हटले की आपल्याला छापखाना आठवतो. यंत्र, खिळे जुळवणारा माणूस, एका दमात निघणाऱ्या हजार प्रती आणि मग त्या खपेपर्यंत अडून राहिलेले भांडवल. व्हिएतनामी ग्रंथ या चौकटीत बसवू गेल्यास पदरी निराशाच येते. आवृत्ती किती प्रतींची होती याची नोंद नसते. एकाच ग्रंथाच्या दोन प्रतींत शंभर वर्षांचे अंतर निघते आणि तरी दोन्ही एकाच आवृत्तीच्या ठरतात, कारण ठसे तेच. दुसऱ्या प्रतीत फक्त अक्षरांच्या कडा झिजलेल्या दिसतात, एखाद्या पानावर लाकडाची चीर आडवी उमटलेली असते. म्हणून या विषयात शिरताना मी पुस्तकांच्या आधी लाकडाची चौकशी करतो. ते मठात होते, दरबारात होते, एखाद्या पंडित घराण्याकडे होते, की बाजारपेठेतल्या दुकानात? ही जागा बदलली की मजकूर बदलतो, वाचक बदलतो, अगदी चुकांची जातसुद्धा बदलते.

लाकूड बहुतेक वेळा थी नावाच्या झाडाचे. आपल्याकडच्या टेंभुर्णीच्या कुळातले हे झाड. त्याचे पिवळे फळ खाण्यापेक्षा वास घेण्यासाठीच जास्त घरात आणतात, आणि सावत्र आईच्या छळाला बळी पडलेली ताम शेवटी याच फळातून पुन्हा माणूस होऊन बाहेर येते ही गोष्ट तिथल्या प्रत्येक मुलाने ऐकलेली असते. कोरणाऱ्याला मात्र या झाडाचे प्रेम वेगळ्याच कारणाने: लाकूड फिकट, कण बारीक, उभे-आडवे कसेही कापा, पाते अडत नाही, आणि नीट वाळवले तर सहसा तडकत नाही.

लेखनिक आधी पातळ कागदावर सुवाच्य अक्षरात मजकूर लिहून देई. तो कागद खळीने फळीवर पालथा चिकटवायचा, वाळला की बोटांनी हलके चोळून त्याचे पापुद्रे काढायचे. उरते ती लाकडावर बसलेली उलट्या अक्षरांची शाई. मग अक्षराभोवतीचे लाकूड चाकूने आणि बारीक पटाशांनी काढत जायचे. अक्षर उभे राहते, भोवतीची जमीन खोल जाते. एखादी रेघ उडाली, तर तेवढा तुकडा चौकोनी कापून काढायचा, तिथे नवी खुंटी ठोकायची आणि अक्षर पुन्हा कोरायचे. जुन्या फळीवर बोट फिरवले तर अशा खुंट्या हाताला लागतात. फळी बहुधा दोन्ही बाजूंनी कोरलेली असते, आणि प्रत्येक बाजूवर ग्रंथाचा एक पूर्ण ताव, म्हणजे घडी घातल्यावर होणारी दोन पाने. मध्ये उभी अरुंद पट्टी. तिच्यात ग्रंथाचे नाव आणि तावाचा आकडा, आणि वर-खाली माशाच्या शेपटीसारखी खूण, जिच्यावरून घडी सरळ पडते.

छापताना ब्रशने शाई लावायची, कागद अलगद टाकायचा आणि घोसाळ्याच्या वाळलेल्या जाळीने पाठीवरून घासायचे. यंत्र नाही, दाब नाही, दोन माणसे आणि एक बैठक पुरे. कागदही तिथलाच, झो नावाच्या झुडपाच्या सालीचा: साल भिजवायची, चुन्यात मुरवायची, उकडायची आणि उखळात कुटायची. हनोईच्या पश्चिम सरोवराकाठचे येन थाय हे गाव या कुटण्यासाठी इतके प्रसिद्ध की तिथल्या मुसळांचा आवाज लोकगीतात जाऊन बसला. कागद पातळ, शाई पलीकडे दिसते, म्हणून छपाई एकाच बाजूवर. ताव मध्ये दुमडायचा, कोरी बाजू आत लपवायची, मोकळ्या कडा शिवायच्या. वर येणारे तपकिरी वेष्टन थीच्याच कुळातल्या एका रानफळाच्या रसात माखून कडक केलेले असे. ठसा त्या कुळाचा आणि वेष्टनही त्याच कुळाचे, हा योगायोग मला फार आवडतो, मात्र त्यातून कसला सिद्धान्त काढायचा नाही.

आता ही कला आली कुठून? गावकऱ्यांचे उत्तर ठरलेले आहे. उत्तरेकडच्या हाय झुओंग भागात हाँग लुक आणि लिएउ त्रांग ही शेजारशेजारची दोन गावे आहेत. हाँग लुकचा सुपुत्र लुओंग न्यू होक 1442 च्या दरबारी परीक्षेत तिसरा आला, राजदूत म्हणून दोनदा चीनला गेला, तिथे ठसे कोरण्याचे तंत्र पाहून आला आणि त्याने ते आपल्या गावकऱ्यांना शिकवले. दोन्ही गावे त्याला धंद्याचा मूळपुरुष मानतात, त्याची पूजा करतात. पुढची चार-साडेचार शतके व्हिएतनाममध्ये छापलेल्या ग्रंथांवर कोरणाऱ्यांचे गाव दिलेले असले, तर ते याच दोहोंपैकी एक असण्याचा संभव मोठा.

ही कथा खोटी आहे असे म्हणण्याचे कारण नाही. ती आरंभाची मात्र नव्हे. बाराव्या शतकातल्या तिन होक या भिक्षूच्या चरित्रात त्याचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या सूत्रग्रंथांचे ठसे कोरत आले असल्याची नोंद आहे. गंमत अशी की हे चरित्र ज्या संग्रहात आहे त्याची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी छापील प्रत 1715 ची, म्हणजे लाकडी छपाईचा आद्य पुरावा आपल्यापर्यंत लाकडी छपाईनेच पोहोचला. चन घराण्याच्या राजांनी 1295 मध्ये चीनमधून त्रिपिटक आणवले आणि 1299 मध्ये बौद्ध विधींचे ग्रंथ छापून देशभर वाटले. 1396 मध्ये दरबारातला सर्वेसर्वा हो क्वी ली याने चक्क कागदी नोटा काढल्या, नकली नोट करणाऱ्याला देहान्ताची शिक्षा ठेवली, आणि लोकांनी तरीही त्या मनापासून घेतल्या नाहीत. तेव्हा कोरणारे हात देशात होतेच. लुओंग न्यू होकने केले ते वेगळे आणि माझ्या मते अधिक मोलाचे: विखुरलेल्या कसबाला त्याने एक गाव दिले. बाप मुलाला शिकवतो, शेतीचा हंगाम संपला की टोळी हत्यारांची पिशवी घेऊन ज्या मठाने किंवा कचेरीने बोलावले तिथे जाते, काम उरकून परत येते. अशी घडी गावाशिवाय बसत नाही.

मग त्या आधीचे काहीच का उरले नाही? हवा दमट, वाळवी जबर, हे तर आहेच. पण 1407 ते 1427 ही वीस वर्षे देश मिंग साम्राज्याच्या ताब्यात होता, आणि सम्राट योंगलेने आपल्या सेनापतींना दिलेले हुकूम स्पष्ट होते: या देशाच्या लोकांनी लिहिलेले, छापलेले जे काही हाती लागेल ते नष्ट करा, त्यांनी उभारलेले शिलालेख फोडा, चिनी लोकांनी उभारलेले तेवढे राखा. हुकूम पुन्हा बजावावा लागला, यावरून काही सैनिक ग्रंथ जाळायला कचरत होते असे दिसते. पुढच्या ले राजवटीला ग्रंथसंग्रह जवळजवळ शून्यातून उभा करावा लागला. 1435 मध्ये कन्फ्यूशियसच्या परंपरेतल्या 'चार ग्रंथां'चे ठसे तयार झाले, 1467 मध्ये ले थान तोंग या राजाच्या कारकिर्दीत 'पाच अभिजात ग्रंथां'चे.

हे दरबारचे लाकूड. त्याचा स्वभाव मठाच्या लाकडाहून निराळा. दरबाराला छापायची होती ती परीक्षेची पुस्तके, कायदे आणि इतिहास. त्यात पाठभेद नको होते आणि वाचक तर आधीच ठरलेला, परीक्षेला बसणारा उमेदवार. 1697 मध्ये देशाचा मोठा इतिहास 'दाय व्हिएत सू की तोआन थू' छापला गेला. 1734 मध्ये सत्ताधीश त्रिन्ह झांगने अभिजात ग्रंथ देशातच कोरून घेतले आणि चीनमधून ते विकत आणायला बंदी घातली. ही बंदी किती पाळली गेली याबद्दल मला शंका आहे, पण हेतू लक्षात घेण्यासारखा आहे. ग्रंथ तेच, चिनीच, भाषाही चिनी. फक्त लाकूड आपले हवे. विद्येच्या स्वावलंबनाची ही एक विचित्र आणि तरी पूर्णपणे समजण्याजोगी कल्पना होती.

न्गुयेन राजांनी एकोणिसाव्या शतकात ही कल्पना टोकाला नेली. राजधानी हुएला गेली तेव्हा हनोईच्या साहित्यमंदिरात साठवलेले जुने ठसेसुद्धा तिकडे हलवण्यात आले. मिन्ह मांगने 1820 मध्ये इतिहास-कार्यालय स्थापले, आणि त्या कार्यालयाने 1821 ते 1909 अशी 88 वर्षे खपून 'दाय नाम थुक लुक' ही राजवटीची बखर सिद्ध केली. राजा मेल्याशिवाय त्याचा भाग लिहायचा नाही, आणि तपासून मंजूर झाल्याशिवाय तो लाकडावर चढवायचा नाही. आपल्या बखरींशी तुलना करण्याचा मोह होतो, पण आवरायला हवा: बखर एका माणसाच्या लेखणीतून उतरते, इथे संपूर्ण कचेरी बसलेली होती.

दरबारी ठशांचा एक तपशील संशोधकांना फार उपयोगी पडला आहे. राजाचे खासगी नाव लिहिणे निषिद्ध होते. त्या नावात येणारे अक्षर दुसऱ्या कुठल्याही मजकुरात आले, तरी ते बदलून किंवा मोडून लिहावे लागे. तू दुक राजाच्या नावात 'वेळ' या अर्थाचे अक्षर होते. वेळ हा शब्द टाळून कुणी पुस्तक लिहील कसे? म्हणून 1847 मध्ये तो गादीवर आल्यानंतरच्या ग्रंथांत त्या जागी बारा प्राण्यांच्या चक्रातले, 'ड्रॅगन'च्या वर्षाचे अक्षर दिसू लागते. त्याच्या बापाच्या, थिएउ त्रीच्या, नावातले अक्षर जुन्या राजांच्या बिरुदांतच येत असल्यामुळे कित्येक मेलेल्या राजांची नावेही कागदोपत्री बदलली. ग्रंथावर साल नसले तरी अशा बदललेल्या अक्षरांवरून ठसा कोणत्या राजाच्या काळात कोरला ते सांगता येते. जुन्या फळीत खुंटी ठोकून फक्त तेवढे अक्षर बदललेले आढळले, तर तिचे आयुष्य दोन राजवटींत विभागलेले समजायचे.

मठांकडे वळले की हवा बदलते. बाक झांगचा विन्ह न्गिएम मठ लुक नाम आणि थुओंग या नद्यांच्या संगमाजवळ आहे, आणि चन राजाने संन्यास घेऊन स्थापलेल्या त्रुक लाम या ध्यानपंथाचे ते मोठे विद्यापीठ. तिथे आज 3,050 ठसे आहेत, बहुतेक सुमारे 33 सेंटिमीटर लांब आणि 23 रुंद, शाईच्या थरांनी काळे कुळकुळीत झालेले. त्यात सूत्रे आहेत, भिक्षूंच्या आचाराचे नियम आहेत, पंथाच्या आचार्यांची काव्ये आहेत. ग्रंथाच्या शेवटी देणगीदारांच्या याद्या येतात, आणि मला तरी मूळ मजकुराइतक्याच त्या वाचनीय वाटतात. आपल्याकडे देवळाच्या पायरीवर किंवा फरशीवर 'अमुक यांच्या स्मरणार्थ' असे कोरलेले असते, तसाच हा प्रकार: कुणी विधवेने इतकी रक्कम, कुणी भिक्षुणीने तितकी, अमुक गावच्या मंडळींनी मिळून लाकूड. राजाच्या इतिहासात ज्यांचे नाव येण्याची सुतराम शक्यता नव्हती, ती माणसे इथे नाव-गावासह लाकडात कोरलेली सापडतात. स्त्रियांची नावे तर दुसरीकडे कुठे क्वचितच मिळतील इतकी.

तिसरे घर पंडितांचे. हा तिन्ह प्रांतातल्या त्रुओंग लुउ गावच्या न्गुयेन हुय घराण्याने अठराव्या शतकात स्वतःच्या पाठशाळेसाठी ठसे कोरून घेतले. अभिजात ग्रंथ मुळात प्रचंड. परीक्षार्थींना सगळे पाठ होणे अशक्य. या घराण्याने त्यांचे सार काढून सुटसुटीत पाठ्यपुस्तके केली. त्यांतले 379 ठसे उरले आहेत. म्हणजे गाइडचा धंदा आजचा नाही, आणि तो करणारे त्या काळचे अव्वल विद्वान होते.

आणि चौथे घर बाजाराचे. हनोईच्या हांग गाय या गल्लीत पुस्तकांची दुकाने होती, आणि तिथे जे खपत असे त्यातले बरेचसे चिनी भाषेत नव्हते. व्हिएतनामी भाषा लिहिण्यासाठी चिनी अक्षरांची मोडतोड आणि जोडाजोड करून नोम लिपी तयार झाली होती. ती शिकायला चिनी लिपी आधी यायला हवी, म्हणजे अवघड. पण कुणी मोठ्याने वाचून दाखवले की अडाण्यालाही कळे, कारण भाषा त्याचीच. दरबाराला हे साहित्य रुचले नाही. लोकांचे आचार सुधारण्यासाठी 1663 मध्ये काढलेल्या 47 कलमांत अशा कथाकाव्यांचे ठसे कोरण्यावर आणि विकण्यावर बंदी होती. बंदी पुन्हा पुन्हा घालावी लागली, यातच तिचे यश किती ते कळते. न्गुयेन झू या कवीचे किएउच्या कथेचे महाकाव्य, जे व्हिएतनामी माणसाला तोंडपाठ असते, ते याच बाजारातून घरोघर गेले. त्याची सध्या ज्ञात असलेली सर्वांत जुनी छापील प्रत लिएउ वान दुओंग या दुकानाची, 1866 ची. कवीच्या हस्ताक्षरातली प्रत नाही. दुकानदाराने घाईत कोरून घेतलेली, चुकलेल्या आणि सोप्या केलेल्या अक्षरांची ही प्रतच आज संशोधकांचा आधार आहे, आणि कोणते रूप कवीचे आणि कोणते कोरणाऱ्याचे यावर तिथले पंडित अजून हमरीतुमरीवर येतात.

दक्षिणेचा बाजार त्याहून चमत्कारिक. सायगॉनजवळच्या चो लोनमध्ये चिनी व्यापाऱ्यांची वस्ती मोठी. तिथे विकल्या जाणाऱ्या नोम पुस्तकांचे ठसे पुष्कळदा चीनमध्ये, क्वांगतुंग प्रांतातल्या फोशान शहरात कोरले जात आणि छापील माल जहाजाने येई. 1872 ची किएउची दाक्षिणात्य आवृत्ती अशीच तयार झाली. जी भाषा कोरणाऱ्याला ओ की ठो कळत नव्हती, तिची अक्षरे तो निव्वळ नजरेने कोरत होता. 1734 च्या हुकुमाची अशी उलटापालट त्रिन्ह झांगच्या स्वप्नातही आली नसेल.

सुटे खिळे वापरून हे सगळे वेगाने का केले नाही, असा प्रश्न वाचक विचारणारच. हजारो निरनिराळी अक्षरे, हे नेहमीचे उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. खिळ्यांची छपाई झाली की जुळणी मोडावी लागते. म्हणजे लागतील त्या सर्व प्रती आजच काढायच्या, कागद आजच विकत घ्यायचा. व्हिएतनाममध्ये कागद महाग आणि कोरणाऱ्याची मजुरी त्या मानाने बेताची. पंचवीस प्रती आज, दहा प्रती पुढच्या पावसाळ्यानंतर, आणि उरलेल्या नातवाच्या काळात, असा व्यवहार फक्त लाकूडच सांभाळू शकत होते. याला मागासलेपणा म्हणणाऱ्या जुन्या फ्रेंच अधिकाऱ्यांशी मी सहमत नाही.

रोमन लिपीत व्हिएतनामी लिहिण्याची खटपट सतराव्या शतकात जेझुइट धर्मोपदेशकांनी सुरू केली, आणि इथे आपल्या भूगोलाशी एक धागा जुळतो. आलेक्झांद्र द रोद हा फ्रेंच जेझुइट 1619 मध्ये गोव्यात उतरला आणि 1622 पर्यंत या भागात राहिला. फादर थॉमस स्टीफन्सचे 'ख्रिस्तपुराण', म्हणजे रोमन लिपीत छापलेली मराठी ओवी, त्याआधी तीनच वर्षे, 1616 मध्ये, तिथल्याच राशोलला छापून झाले होते. द रोदने ते पाहिले का, हा प्रश्न मी सोडून देतो. स्थानिक भाषा रोमन अक्षरांत बसवण्याचा जेझुइटांचा उद्योग तिथे जोरात होता, एवढे निश्चित. द रोदचा व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन कोश 1651 मध्ये रोमला छापला गेला. मराठीसाठी गोव्यात ती वाट पुढे बंद झाली आणि मराठी देवनागरी-मोडीतच राहिली. व्हिएतनाममध्ये ती दोनशे वर्षे ख्रिस्ती वस्त्यांपुरती होती, आणि मग फ्रेंच सत्तेने तिला राजमार्ग केले. 1865 मध्ये सायगॉनला 'झा दिन्ह बाव' हे वर्तमानपत्र रोमन लिपीत निघाले. उत्तरेत दरबारी पद्धतीच्या परीक्षा 1915 ला संपल्या, हुएला 1919 ला. परीक्षा गेली आणि चिनी अक्षरे शिकण्याचे कारण गेले. लाकडी छपाईला यंत्राने मारले असे सरसकट लिहिले जाते. मला वाटते तिचा वाचकच नाहीसा झाला.

जाता जाता तिने दोन मोठी कामे केली. 1907 मध्ये हनोईतल्या सुधारकांनी 'दोंग किन्ह न्गिया थुक' ही मोफत शाळा काढली. जुन्या परीक्षांवर टीका, व्यापाराचे महत्त्व, रोमन लिपीचा पुरस्कार, असा त्यांचा कार्यक्रम. आणि त्यांची पाठ्यपुस्तके मात्र लाकडी ठशांवर छापलेली, कारण स्वस्त, सरकारी छापखान्याच्या नजरेआड आणि हाताशी असलेली सोय तीच होती. फ्रेंचांनी वर्षाच्या आत शाळा बंद पाडली. दुसरे काम एका फ्रेंच तरुणाचे. आँरी ओजे 1908-09 मध्ये हनोईत होता. त्याने एका व्हिएतनामी चित्रकाराला बरोबर घेऊन गल्लोगल्ली हिंडून लोकांच्या कामधंद्यांची चार हजारांवर रेखाचित्रे जमवली, आणि ती लाकडावर कोरायला हाँग लुक आणि लिएउ त्रांगच्या कारागिरांना हांग गायच्या सभागृहात बसवले. न्हावी, विणकर, कागद कुटणाऱ्या बाया, भविष्य सांगणारा, आणि त्यांच्याबरोबर फळीवर वाकलेला कोरणारा आणि घोसाळ्याची जाळी फिरवणारा छापणाराही त्यात आहे. आपल्या धंद्याचे चित्र स्वतःच लाकडात कोरणाऱ्या त्या कारागिरांची नावे संग्रहाच्या मुखपृष्ठावर नाहीत. ती पुढल्या काळात शोधून काढावी लागली.

हुएच्या ठशांची नंतर बरीच परवड झाली. 1960 मध्ये ते दा लातच्या थंड टेकड्यांवर हलवले गेले, आणि आज राष्ट्रीय अभिलेखागाराच्या चौथ्या केंद्रात, एकेकाळी दक्षिण व्हिएतनामच्या अध्यक्षांच्या भावजय मादाम न्यू यांच्या असलेल्या बंगल्यांच्या आवारात, चौतीस हजारांहून अधिक फळ्या मांडलेल्या आहेत. युनेस्कोने 2009 मध्ये त्यांना जागतिक स्मृतीच्या यादीत घेतले. व्हिएतनामची त्या यादीतली ही पहिलीच नोंद. विन्ह न्गिएमचे ठसे 2012 मध्ये आणि त्रुओंग लुउचे 2016 मध्ये आशिया-पॅसिफिक यादीत आले. दा लातच्या अभिलेखपालांपुढची अडचण मात्र यादीने सुटणारी नव्हती. फळ्यांचा क्रम विस्कटलेला, अक्षरे उलटी आणि काळ्यावर काळी. कोणती फळी कोणत्या ग्रंथाची हे नुसते पाहून कळणे कठीण. म्हणून त्यांनी झो कागद घेतला, शाई घेतली आणि एकेक बाजू छापून काढली, पंचावन्न हजारांहून अधिक बाजू. मग मधल्या पट्टीतले ग्रंथनाम आणि तावाचा आकडा जुळवत जुळवत 152 ग्रंथ लावले. कित्येक ग्रंथांचे काही ताव अजून सापडलेले नाहीत.